जांभळं पाणी

—नाही, त्या स्टुलावर नका बसू, त्याचा एक पाय फक्त मालकाचं ऐकतो. हे घ्या, ह्याच्यावर बसा, आणि पाय जरा वर घ्या, खालून नळी गेलीय. मालक येतील हो, दाढ दाखवायला गेलेत, दहा मिनिटांत येतो म्हणालेत, म्हणजे तासाची निश्चिंती. तुम्ही बसा, मी माझं काम करते, बघणाऱ्याची मला अडचण नाही — तीस वर्षांत कुणी बघितलेलंच नाही, तर अडचण कसली. काय म्हणालात? यादी? शहरातले दहा उत्तम पब? आणि ते तुम्ही पुस्तकात छापणार, आणि माणसं बाहेरगावाहून येऊन पान उघडणार आणि ठरवणार आज कुठं बसायचं. छान आहे की. पण मग मालकांना काय विचारता? ते पहिला स्वतःचा सांगणार आणि दुसरा मेव्हण्याचा. मला विचारा ना. — नाही, आधी माझं ऐका, तुमचं मग सांगा.

मी कोण म्हणजे? नळीवाली. सगळे तेच म्हणतात, खरं नाव विचारलंत तर निम्म्या मालकांना सांगता यायचं नाही. बिअर काय आकाशातून पडते? खाली तळघरात पिंप असतं, पिंपापासून वर ह्या नळापर्यंत नळी असते — कुठं दहा हात, कुठं चाळीस हात — आणि त्या नळीत आठवडाभरात जे साठतं ना, ते तुम्ही न बघितलेलंच बरं. ते मी धुते. आठवड्याला तेवीस पब, सकाळी सात ते बारा. हे बघा औषध. जांभळं आहे ना? हे नळीत भरायचं, अर्धा तास ठेवायचं, मग पाणी सोडायचं आणि अगदी नितळ पाणी येईस्तोवर काढत राहायचं. आता गंमत अशी की नळी स्वच्छ असेल तर जांभळं जातं आणि जांभळंच येतं. घाण असेल तर हिरवं होऊन येतं. माणूस खोटं बोलेल, मालक खोटं बोलेल, दारावरची पाटी तर बोलतेच बोलते — औषध नाही बोलत. — अंहं, हात नका लावू. नळाला लाल फडका बांधलाय तो उगीच नाही. फडका आहे म्हणजे आत औषध आहे, खाली ग्लास धरायचा नाही. आमच्या धंद्यात एवढा एकच कायदा, बाकी सगळं माफ.

तर लिहा. पहिला पुलाजवळचा. का म्हणजे? पब सकाळी बघावा हो. संध्याकाळी काय, दिवे लावले, गाणी लावली, चार माणसं हसायला लागली की गोठासुद्धा चांगला दिसेल. सकाळी खुर्च्या टेबलांवर उलट्या, फरशी ओली, मालक विंचरलेला नाही — तेव्हा जो बरा दिसतो तो खरा. मी तर सगळे पब असेच बघितलेत. संध्याकाळी एकाही पबमध्ये गेलेली नाही, खोटं वाटेल तुम्हाला. तीस वर्षं रोज बिअर तोंडात घेते आणि रोज थुंकते, चव बघायची म्हणून. एक घोट कधी घशाखाली गेला असेल तर शपथ. पुलाजवळचा मालक दाढीवाला आहे, गिऱ्हाइकाशी चार शब्द बोलायचा नाही, पण सकाळी तळघरात पिंपांशी बोलत असतो. 'काय गं, बरी आहेस ना, आज तुला वर चढवायचंय.' मी जिन्यात उभी राहून ऐकलंय. त्याच्या नळ्यांतून जांभळं जसं जातं तसं येतं. पिंपांशी बोलणारा माणूस नळ्या घाण ठेवायचाच नाही, हा माझा अनुभव.

दुसरा लिहा मुख्याध्यापिकाबाईंचा. चार स्टुलं आणि एक बाक, एवढाच आहे. बाई निवृत्त झाल्या, घरात बसवेना, म्हणून पब काढला. तिथं पुढचा ग्लास हवा असेल तर नीट पूर्ण वाक्यात मागावा लागतो. नुसतं बोट वर केलंत तर बघतही नाहीत. ही एवढाली बाप्ये माणसं, गोदीत ओझी उचलणारी, रांगेत उभी राहून म्हणतात, 'बाई, कृपा करून मला आणखी एक द्याल का?' — मी नाही बघितलं, मी सकाळची ना, पण सगळं शहर सांगतं. आणि तिसरा दोन भावांचा. ते दोघं एकमेकांशी बोलत नाहीत. कशावरून भांडले ते त्यांनाही आठवत नसेल. एका काउंटरला दोन बाजू, दोन नळ, दोन नळ्या. मी धुवून झाले की थोरला हळूच विचारतो, 'त्याची कशी होती?' धाकटा मागच्या दाराशी गाठून विचारतो, 'त्याची कशी होती?' मी दोघांना सांगते, 'तुझी बरी आहे.' दोघं खूश, आणि दोघंही पुढच्या आठवड्यासाठी जीव तोडून नळी जपतात. भांडण असावं तर असं, चार माणसांना त्यातून चांगली बिअर मिळते.

आरशांचा? तो मोठ्या चौकातला, काचेच्या छताचा? अहो, नाव सोनूबाई हाती कथलाचा वाळा. आत गेलं की तुम्हाला तुम्हीच चौदा वेळा दिसता, आणि माझं औषध हिरवं, हिरवंगार, डबक्यासारखं येतं. मी सांगितलं त्यांना, तर म्हणाले, ह्या महिन्यात आरसे बदलतोय, नळ्या पुढच्या महिन्यात बघू. लिहू नका. — आणि तो कुठला म्हणालात? उतारावरचा? शिंप्याच्या दुकानाशेजारचा? छे. तिथं तर मुळीच नका पाठवू कुणाला. तिथल्या माणसाला नळी धुता येत नाही. पिंपं उतरवणारा माणूस तो, गाडीवरून पिंप खाली घ्यायचं आणि तळघरात लोटायचं एवढंच आयुष्यभर केलं, आणि एक दिवस मालक होऊन बसला. उघडायच्या दिवशी नळातून काय आलं माहितीय? जांभळं. भरलेल्या घरात. अख्ख्या शहराला ठाऊक आहे, आता त्या पबला जांभळा पबच म्हणतात. आणि मी हे काही मत्सरानं सांगत नाही बरं का — जावई आहे तो माझा. परक्याबद्दल असं बोलले नसते. घरचा आहे म्हणून खरं ते सांगते.

चांगला पब म्हणजे आणखी काय, तर तळघराचा जिना. तिकडं गिरणीच्या मागं एक आहे, त्याच्या जिन्याला — हे काय, खोडलंत? उतारावरच्याचं नाव खोडलंत? लगेच? नाही, म्हणजे तुमची वही, तुमची पेन्सिल, पण माणसानं जरा विचार करावा. मी आपली बोलले. मी काय ब्रह्मदेव लागून गेले? पुलाजवळचा सांगितला तेव्हा नुसतं लिहून घेतलंत, आणि हे मात्र एका फटक्यात काट मारून मोकळे. आडवी काट, आणि वर परत एक. — बरं, जाऊ दे. तर जिना. गिरणीच्या मागच्या जिन्याला अठरा पायऱ्या आणि एक कठडा, तोही हलणारा, तरी बाई पिंपांवर ओली गोणपाटं टाकून खोली थंड ठेवते, आपल्या हातांनी. लिहा तिचं. तिच्या नळ्या — त्या नावावर एवढी जोरात रेघ मारायची काही गरज नव्हती हो. एखादं प्रश्नचिन्ह करायचं. आता पुस्तकात नसला म्हणजे बाहेरचं कुणी तिकडं फिरकणार नाही, आणि उतारावर मुद्दाम कोण चढतं? शिंप्याकडं कपडे टाकायला येणारी दोन माणसं, आणि आमचे हे.

आमचे हे म्हणजे माझा नवरा. दर रविवारी दुपारी 'जरा पाय मोकळे करून येतो' म्हणून जातात आणि सहाला येतात. गुडघे दुखतात म्हणून ज्यांना आमच्याच घराचा जिना नको असतो, ते उतार चढून जातात, म्हणजे कुठं जातात हे मला कळत नाही असं त्यांना वाटतं. मी विचारत नाही, ते सांगत नाहीत. एकदा फक्त म्हणाले, 'पडदे बदललेत तिनं.' मी म्हटलं, 'कुणी?' ते म्हणाले, 'कुणी नाही.' झालं. दोन वर्षं होतील आता. मी गेलेले नाही. तेवीस पब धुते, चोविसावा धुवत नाही. तिनं कधी बोलावलं नाही असं नाही — सुरुवातीला बोलवायची, मी म्हणायचे, गुडघे. मग तीही थांबली. लेकीला काय कळत नाही? गुडघे बापाचे दुखतात, आईचे नाही, हे तिला लहानपणापासून माहीत आहे.

काय? कसली घाण होती त्याच्या नळीत? कधी म्हणजे — त्या दिवशी? — नाही, घाण नव्हती. घाण कशी असेल, जांभळं आलं म्हटलं ना तुम्हाला. जांभळंच आलं. साडेतीन तास औषध आत होतं आणि तरी जसंच्या तसं, जांभूळ पिळावं तसं. म्हणजे इतकी स्वच्छ नळी मी — अहो, तो भाग वेगळा. पाणी काढायला विसरलं माणूस, त्याचा नळीशी काय संबंध? विसरणारा वेगळा, धुणारा — तुम्ही असे टकमक बघू नका हो. गप्प बसणाऱ्या माणसासमोर मला बोलवत नाही. म्हणजे जास्तच बोलवतं.

बरं, ऐका. लिहू नका, ऐका. उघडायच्या आदल्या दिवशी लेक म्हणाली, 'आई, उद्या कामाला यायचं नाही. पाहुणी म्हणून यायचं. चांगले कपडे घालून खिडकीपाशी बसायचं. नळ्या ह्यानं धुतल्यात.' ह्यानं म्हणजे त्यानं. आता तुम्हीच सांगा, शहरभराच्या नळ्या मी धुवायच्या, आणि माझ्या पोटच्या पोरीच्या नळ्या पिंपं उतरवणाऱ्यानं? मला कशातच चैन पडेना. सकाळी आठला गेले. किल्ली होती माझ्याकडं. म्हटलं, गुपचूप एकदा औषध फिरवून बघू, कुणाला कळायचं कारण नाही, हिरवं आलं तर आलं, माझी मला खात्री. खरं सांगू? हिरवं यावं असंच वाटत होतं मला. चांगल्या कपड्यांवर ॲप्रन चढवला, खाली गेले, डबा जोडला, औषध भरलं. आणि फडका नाही बांधला. तीस वर्षांत एकदाही चुकले नव्हते, पण त्या दिवशी हातात घेतलेला फडका परत खिशात टाकला. बांधला असता तर तिला कळलं असतं ना, आई येऊन गेली म्हणून.

दहाला येणार होती, ती साडेआठलाच हजर. मी जेमतेम ॲप्रन काढतेय तोवर मागून येऊन गळ्यातच पडली. 'आई, तू सगळ्यांच्या आधी आलीस.' तिला वाटलं, मला तिच्या पबचं इतकं कौतुक की राहवलं नाही. डोळे भरून आले होते तिचे. आता त्या वेळी मी काय सांगणार होते, की बाई गं, तुझ्या नवऱ्यावर भरवसा नाही म्हणून आले? तिनं मला खिडकीपाशी बसवलं आणि म्हणाली, इथून हलायचं नाही. मी दर पाच मिनिटांनी उठायचे, ती दर पाच मिनिटांनी खांदा दाबून बसवायची. चहा आणून दिला, पाठीला उशी आणून दिली. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी मला पबमध्ये बसवून सगळं हातात देत होतं, आणि माझं चित्त त्या नळीत. मग पाहुणे आले, शेजारचा शिंपी आला, पुलाजवळचा दाढीवाला आला, ते दोघं भाऊ दोन दारांनी आले. माझे सगळेच मालक. बारा वाजले. लेक काउंटरमागं उभी राहिली आणि म्हणाली, 'पहिला ग्लास माझ्या आईला.'

अजून कळत नाही मला, मी तेव्हा का नाही ओरडले. तोंड उघडलं होतं, शप्पथ. तिनं नळ ओढला आणि आलं जांभळं. फेससुद्धा जांभळा. मग कुणीतरी विचारलं, ही कोणत्या फळाची म्हणायची? आणि हसू फुटलं सगळीकडं. ती नवऱ्याकडं वळली. 'तूच धुतल्या होत्यास ना?' तो आला, नळ बघितला, वाकून नळाला फडका नाही ते बघितलं, आणि मग माझ्याकडं बघितलं. एकदाच. आणि मी काय केलं असेल? मी उठून उभी राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, 'मी आधीपासून सांगत होते, ज्याचं काम त्यानंच करावं.' माझ्याच तोंडून. कुणी ढकललं नव्हतं मला. आणि तो म्हणाला, 'चुकलं माझं. पाणी काढायचं राहून गेलं.' भरल्या घरात, स्वतःच्या पबमध्ये, पहिल्याच दिवशी. दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडलं तर बाहेर माझा औषधाचा डबा. त्यांच्या तळघरात राहिलेला. आतून-बाहेरून धुतलेला, पुसलेला. चिठ्ठी नाही, काही नाही. भांडला असता तर मला सोपं गेलं असतं हो, मी भांडायला तयारीत होते. तेव्हापासून जो भेटेल त्याला मी सांगत सुटलेय, जावयाला नळी धुता येत नाही. कुणी विचारत नाही, तरी सांगते. खाई त्याला खवखवे म्हणतात ते काय उगीच? लाज वाटते मला. आज मोठ्यानं म्हणाले, तर जास्तच वाटतेय.

म्हणून सांगते, पेन्सिल घ्या आणि ते नाव परत लिहा. खोडलेल्याच्या डोक्यावर नको, खाली नवीन ओळीवर लिहा. उतारावरचा, शिंप्याशेजारचा. नळ्या अशा की तेवीस पब धुणाऱ्या बाईनं हिरवं येण्याची वाट बघितली आणि आलं नाही. हे छापायचं तर छापा. काय वेळ लागतोय? लिहा की. — काय सांगायचंय? मघापासून तुम्ही काहीतरी म्हणताय खरं. मालकांना भेटायला नाही आलात? मग कुणाला? — मला? मला कशाला? आणि मंगळवारी मी इथं असते हे तुम्हाला सांगितलं कुणी?

कुणी?

परत सांगा. — 'आमच्या नळ्यांबद्दल आमच्या सासूबाईंना विचारा. त्यांनी नाही म्हटलं तर नाव काढून टाका.' असं म्हणाला? हसत म्हणाला की — साधंच म्हणाला. म्हणजे काल तुम्ही तिथं बसलात, त्याची प्यालात, चांगली लागली, आणि तरी आज मी एक शब्द बोलले आणि तुम्ही काट मारलीत, का, तर तो म्हणाला म्हणून. — हो, ठाऊक आहे मला, शिकला कुणाकडून ते. लग्नाआधी गाडीवर असताना माझ्या नळीचं दुसरं टोक धरून उभा राहायचा तो. पिंप उतरवून झालं तरी जायचा नाही. मला वाटायचं, माझ्या लेकीचा पत्ता काढायला थांबतो. — नाही हो. नळी बघत होता.

आज चारला उघडतात ते. तुम्ही परत जाणार होतात ना, निकाल सांगायला? नका जाऊ. म्हणजे उद्या जा. तुम्ही आधी गेलात तर सगळं सांगून टाकाल, आणि मग मी गेले की ते म्हणतील, असू दे आई, कळलं आम्हाला, आणि मी नुसती मान हलवून चहा घेऊन परत येईन. मी ओळखते मला. उद्या जा, हवं तेवढं बसा, आज मी जाते. — नाही, सोबत नको. रस्ता माहितीये मला, दोन वर्षं तो चुकवतेच आहे. उठा आता, मला इथलं पाणी काढायचंय, आणि ते काढताना मी कुणाशी बोलत नाही. दार ओढून घ्या जाताना.